खाऊन प्यायलं तर काय होतं?

नगर-मनमाड रस्त्यावरच्या एखाद्या ढाब्यावर रात्री नऊच्या सुमाराला बसलं की शेजारच्या टेबलावरून एक शास्त्र हमखास कानावर येतं. "कोरडी घेऊ नको रे भाऊ. दाबून खा, मग लिव्हरला काय धाड भरलीय?" या शास्त्रात ताटात काय हवं हेही ठरलेलं आहे. आधी उकडलेली अंडी, खारे शेंगदाणे, मग मटण आणि बाजरीची भाकरी. जो उपाशी पोटी पितो तो बेवडा. जो खाऊन पितो तो शौकीन. लिव्हर खराब होतं ते पहिल्याचं. त्याच्या घरी चूल धड पेटत नाही, पोराबाळांच्या तोंडचं काढून तो गुत्त्यावर घालतो, मग त्याचे हातपाय काटक्यांसारखे होतात, पोटात पाणी होतं आणि डोळे पिवळे पडतात. दुसऱ्याचं सगळं उत्तम चाललेलं असतं, निदान ढाब्यावरच्या त्या रात्रीपुरतं तरी.

हे शास्त्र अडाण्यांचं आहे म्हणून हसण्यावारी नेणाऱ्यांनी जरा थांबावं. विसाव्या शतकाच्या मध्यावर जगातले मोठमोठे वैद्यक-संशोधक हेच म्हणत होते. त्यांची भाषा तेवढी वेगळी होती.

१९४९ साल घ्या. इन्शुलिनच्या शोधात ज्याचं नाव बँटिंगच्या जोडीनं घेतलं जातं, त्या चार्ल्स बेस्टनं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी उंदरांवरच्या प्रयोगांतून असा निष्कर्ष काढला, की शुद्ध अल्कोहोल यकृताच्या पेशींना विषारी ठरतं याला साखरेच्या विषारीपणापेक्षा जास्त पुरावा नाही. दोन्हींत कॅलरी असतात आणि दोन्हींत जीवनसत्त्वं, प्रथिनं, कोलीन यांतलं काही नसतं. अशा पोकळ कॅलरींनी पोट भरलं की बाकीचं पोषण कमी पडतं आणि यकृतात चरबी साठते. कोलीन नावाचं पोषकद्रव्य अन्नात पुरेसं घातलं की ती चरबी उतरते. थोडक्यात, दोष उपासमारीचा, दारूचा नाही.

अल्कोहोल आणि साखर एका तराजूत! ही तुलना वाचताना नगर जिल्ह्याच्या माणसाला थोडं हसू येणारच, कारण आमच्याकडे ही दोन सख्खी भावंडं आहेत. बेस्टचा तो निबंध आला त्याच सुमाराला राहाता परिसरात विठ्ठलराव विखे पाटील, अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या मदतीनं, शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना उभा करत होते. १९५० साली त्याची चाकं फिरली. साखर निघाली की मळी उरतेच. एक टन ऊस गाळला तर शंभर-एकशेदहा किलो साखर हाती येते आणि चाळीसएक किलो काळी, चिकट मळी खाली राहते. यीस्टनं तिच्यावर काम केलं की तेवढ्यातून दहाएक लिटर अल्कोहोल मिळतं. कारखान्याला लागून आसवनी आली ती अशी. श्रीरामपूरजवळच्या टिळकनगरला १९३३ साली साखरेपासून सुरुवात केलेल्या कंपनीची ब्रँडी आज मोठ्या प्रमाणावर खपते. हल्ली या अल्कोहोलचा मोठा वाटा पेट्रोलमध्ये जातो. आता गाड्याही पितात म्हणायचं.

त्याच १९४९ साली मुंबई प्रांतानं, नगर जिल्हा तेव्हा त्याच प्रांतात होता, दारूबंदीचा कायदा केला. हा कायदा नाव बदलून महाराष्ट्रात अजून जिवंत आहे. त्याच्या आधारानं मिळणाऱ्या पिण्याच्या परवान्यावर हेतू लिहिलेला असतो, तो आरोग्य राखण्याचा. इतका गोड विनोद सरकारी कागदावर क्वचितच सापडतो. तर एकाच वर्षी सरकारनं दारू वाईट ठरवली, आणि एका नामवंत शास्त्रज्ञानं सांगितलं की यकृतापुरतं बोलायचं तर ती साखरेपेक्षा जास्त विषारी नाही.

बेस्टला मूर्ख ठरवणं सोपं आहे, पण अन्यायाचं होईल. त्या काळात हॅरल्ड हिम्सवर्थसारखे यकृताचे मोठे अभ्यासक आहारातल्या उणिवांकडे बोट दाखवत होते. प्रथिनांच्या अभावानं सुजलेली लहान मुलं अनेक गरीब देशांत दिसत होती आणि त्यांचं यकृत चरबीनं भरलेलं असे. रुग्णालयात येणारा दारुडाही असाच खंगलेला. हिपॅटायटिस बीचा विषाणू १९६० च्या दशकापर्यंत ओळखीचाच नव्हता, त्यामुळे न पिणाऱ्यांच्या सिरोसिसचं, म्हणजे यकृत व्रणांनी कडक होण्याचं, खापरही कुपोषणावर फुटत असे. पुरावा डोळ्यांसमोर होता, फक्त तो दोन्ही बाजूंनी वाचता येत होता. माणूस नीट जेवत नाही म्हणून त्याचं यकृत बिघडलं, की यकृत बिघडलं म्हणून त्याची भूक मेली?

हा गुंता सोडवायचा तर एकच मार्ग होता: पिणाऱ्याला पोटभर, चांगलंचुंगलं खायला घालायचं आणि मग यकृतात डोकावायचं. ढाब्यावरचं शास्त्र प्रयोगशाळेत नेऊन तपासायचं म्हणा ना.

ते काम केलं चार्ल्स लीबर या डॉक्टरानं. १९३१ साली बेल्जियममधल्या अँटवर्पला जन्मलेला आणि ब्रुसेल्सला वैद्यक शिकलेला हा माणूस पन्नासच्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत बॉस्टनला आला. त्याआधी त्यानं एक मजेदार गोष्ट नोंदवली होती. मूत्रपिंडं निकामी झालेल्या रुग्णांच्या जठरात अमोनिया तयार होतो, आणि प्रतिजैविकं दिली की तो थांबतो. म्हणजे जठरात कुणीतरी जीवाणू राहत असला पाहिजे. त्या जीवाणूला नाव मिळायला आणखी पंचवीसेक वर्षं गेली. सगळे ज्याला गृहीत धरतात त्याच्याकडे तिरक्या नजरेनं पाहायची सवय लीबरला तेव्हापासूनची.

बॉस्टनला आणि पुढे न्यूयॉर्कला त्यानं स्वयंसेवकांना रुग्णालयाच्या खास कक्षात ठेवलं. तिथं खाण्यापिण्याचा प्रत्येक ग्रॅम मोजला जाई. आहारात प्रथिनं भरपूर, जीवनसत्त्वं भरपूर. फक्त पिष्टमय पदार्थांतल्या काही कॅलरी काढून त्यांच्या जागी तितक्याच कॅलरींचं अल्कोहोल. सुईनं यकृताचा बारीक तुकडा आधी काढायचा आणि नंतर काढायचा. काही दिवसांतच सूक्ष्मदर्शकाखाली फरक दिसू लागला. पेशींमध्ये चरबीचे थेंब साठत होते, पेशींची ऊर्जाघरं म्हणजे मायटोकाँड्रिया सुजून वेडेवाकडे होत होते. १९६८ साली एमॅन्युएल रुबिन या विकृतिशास्त्रज्ञाबरोबर त्यानं जी माणसं निवडली ती दारूच्या आहारी गेलेली नव्हती. त्यांच्यातही तेच घडलं. आजच्या नैतिक समित्या असल्या प्रयोगाला परवानगी देतील का, हा प्रश्न मला पडतो आणि उत्तर बहुधा नाही असंच येतं. पण चोख जेवणाऱ्या माणसाच्या यकृतात अल्कोहोलनं चरबी साठते, हे त्या सुईनं निर्विवाद दाखवलं.

चरबी म्हणजे सिरोसिस मात्र नव्हे. माणसांना सिरोसिस होईपर्यंत दारू पाजणं अशक्य, म्हणून जनावरांकडे वळावं लागलं. उंदीर इथं कामाचे नव्हते, कारण उंदराला दारू आवडत नाही. पाण्यात मिसळून दिली तर तो पाणीच कमी पितो, मग कसली नशा नि कसला सिरोसिस. लीबरनं आणि त्याची सहकारी लिओनोर डिकार्ली हिनं यावर नामी युक्ती काढली. त्यांनी उंदरांचं सगळं जेवणच पातळ केलं. प्रथिनं, चरबी, जीवनसत्त्वं आणि ३६ टक्के कॅलरींचं अल्कोहोल, सगळं एकाच बाटलीत. भूक लागली की तेच प्यायचं. बाजूच्या पिंजऱ्यातल्या जोडीदाराला तितकंच पातळ जेवण, फक्त अल्कोहोलच्या जागी पिष्ट. हा लीबर-डिकार्ली आहार आजही जगभरच्या प्रयोगशाळांत वापरात आहे. माझ्या मते लीबरच्या सगळ्या कामातली सर्वात टिकाऊ गोष्ट ही बाटलीच असावी.

उंदरांच्या यकृतात चरबी साठली, पण गाडी त्यापुढे गेली नाही. मग बबून माकडं आली. त्यांच्या आहारातल्या निम्म्या कॅलरी अल्कोहोलच्या होत्या, काहींना तर हे चार वर्षांपर्यंत दिलं. १९७४ साली रुबिन आणि लीबर यांनी जाहीर केलं की आधी चरबी, मग दाह, मग सिरोसिस ही सगळी वाट काही माकडांनी चालून दाखवली, आणि तीही पौष्टिक आहार घेत असताना. खाऊन प्यायलं तरी लिव्हर जातं, हे त्या माकडांच्या जिवावर कळलं.

आता आत नेमकं काय होतं ते पाहू. कोपरगाव तालुक्यातल्या साकरवाडीला अल्कोहोलपासून इथाइल अ‍ॅसिटेटसारखी रसायनं बनवणारा कारखाना आहे. अल्कोहोलपासून अ‍ॅसिटाल्डिहाइड आणि त्यापासून अ‍ॅसिटिक आम्ल ही रसायन-उद्योगाची जुनी वाट. गंमत अशी की यकृतही नेमकी हीच वाट धरतं. कारखान्याला त्यासाठी तापमान लागतं, उत्प्रेरक लागतो, बाहेर सुरक्षेच्या पाट्या लागतात. यकृत ते देहाच्या साध्या उबेत, दोन विकरांच्या, म्हणजे एन्झाइमांच्या, मदतीनं करतं. पहिलं विकर अल्कोहोलचं अ‍ॅसिटाल्डिहाइड करतं, दुसरं त्याचं निरुपद्रवी अ‍ॅसिटेट. मधलं अ‍ॅसिटाल्डिहाइड हे जहाल. ते प्रथिनांना चिकटतं, पेशीचा कारभार बिघडवतं. दुसऱ्या विकरानं ते झटपट उचलावं म्हणजे बरं, पण माल जास्त आला की तिथं तुंबतंच.

आणि माल किती येतो? भारतीय बनावटीच्या विदेशी मद्याच्या बाटलीवर ४२.८ टक्के लिहिलेलं असतं. एका क्वार्टरमध्ये, म्हणजे १८० मिलिलिटरमध्ये, त्या हिशोबानं साठएक ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. एका ग्रॅमला सात कॅलरी धरल्या तर सव्वाचारशे कॅलरी झाल्या, अडीच भाकरींच्या जवळपास. यकृत तासाला साधारण आठ-दहा ग्रॅम निपटतं. म्हणजे रात्री दहाला संपवलेली क्वार्टर पहाटे चारपर्यंत यकृताच्या मानगुटीवर बसलेली. शरीराला अल्कोहोल साठवता येत नाही, म्हणून बाकीची सगळी कामं बाजूला ठेवून आधी तेच उरकावं लागतं.

बाजूला पडणाऱ्या कामांत चरबी जाळणं हे एक. पहिलं विकर अल्कोहोलमधून काढलेला हायड्रोजन एनएडी नावाच्या हमालाच्या डोक्यावर ठेवतं. रात्रभर सगळे हमाल त्या ओझ्याखाली वाकलेले. चरबी जाळायलाही मोकळे हमाल लागतात, ते मिळत नाहीत. मग चरबी जळायची राहते, उलट नवी तयार होते. मटणाच्या रश्श्यावरचा तवंग म्हणूनच त्या रात्री यकृताच्या मदतीला न येता त्याच्या कोठारात जाऊन पडतो. मोकळे हमाल नाहीत म्हणून साखर बनवणंही थांबतं. दिवसभर राबून उपाशी पोटी पिणाऱ्याची रक्तातली साखर इतकी उतरू शकते की तो बेशुद्ध पडतो, आणि बघणारे म्हणतात, "जास्त झाली, झोपू द्या." युरिक आम्ल बाहेर पडायचं थांबतं, अंगठा सुजतो. एका ओझ्याचे किती फाटे!

लीबरचा सर्वात गाजलेला शोध मात्र वेगळाच. १९६८ साली त्यानं आणि डिकार्लीनं दाखवलं की यकृतात अल्कोहोल जाळणारी आणखी एक यंत्रणा आहे आणि ती रोज पिणाऱ्यात वाढत जाते. तिच्यातलं मुख्य विकर पुढे सीवायपी२ई१ या नावानं ओळखलं गेलं. नेहमी पिणाऱ्याला चढत नाही, याचा एक धागा इथं सापडतो. मेंदू सरावतो हे तर आहेच, पण यकृतानंही जास्तीची भट्टी पेटवलेली असते. या भट्टीत दोन खोड्या आहेत. एक, ती जाळते पण त्यातून शरीराला कामाची ऊर्जा मिळत नाही, नुसती उष्णता. रोज आठशे-हजार कॅलरींची दारू पिणारा माणूस वाळत का जातो, याचं कोडं इथं थोडं सुटतं. दुसरी खोडी अधिक वाईट. भट्टीच्या ठिणग्या उडतात. ऑक्सिजनचे हिंसक अंश पेशींच्या पडद्यांना डागण्या देतात, आणि भट्टीत जे जे सापडेल ते जाळताना तिच्यातून भलतीच विषं निघतात. सकाळी डोकं दुखतं म्हणून घेतलेली पॅरासिटामोलची गोळी ही यातली नेहमीची. न पिणाऱ्याला निर्धोक असलेली मात्रा रोज पिणाऱ्याच्या यकृताला जड जाऊ शकते.

अ जीवनसत्त्वाचीही तीच कथा. शरीरातला त्याचा बहुतेक साठा यकृतातच असतो. मारिया लिओ आणि लीबर यांनी १९८२ साली दाखवलं की पिणाऱ्यांच्या यकृतातून हा साठा फार लवकर ओसरतो, अगदी रोग किरकोळ असतानाही. मग द्यावी की कॅप्सूल! पण दारू चालू असताना अ जीवनसत्त्व जास्त दिलं तर तेच यकृताला इजा करतं. गेलेलं भरून काढायला जावं तर दार लावलेलं. ढाब्यावरच्या शास्त्राची आधुनिक आवृत्ती, म्हणजे "रात्री पितो पण सकाळी मल्टिव्हिटॅमिन घेतो", इथं अडखळते.

पोषण आणि दारू असे एकमेकांत गुंतलेले असतात, म्हणून लीबरनं बेस्टला हरवलं असा सरळ सामना मांडणं मला पटत नाही. दारुड्याचं कुपोषण खरंच असतं. थायमिन, म्हणजे ब१, आतड्यातून नीट शोषलं जात नाही. ते फार घटलं की माणूस लडखडतो, डोळे फिरतात, स्मृती जाते, आणि अशा वेळी थायमिन न देता नुसतं ग्लुकोजचं सलाइन लावलं तर प्रकृती आणखी ढासळू शकते. फोलेट, जस्त, मॅग्नेशियम हेही घटतात. प्रश्न एवढाच होता की हे कुपोषण मुळाशी आहे की सोबतीला. लीबरचं उत्तर: सोबतीला. आणि त्याच्याआधी इतिहासानंही एक प्रयोग नकळत करून ठेवला होता. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या ताब्यातल्या पॅरिसमध्ये वाइनचं रेशनिंग झालं. ब्रेड कमी, मांस कमी, लोणी कमी. पोषण खालावलं यात शंका नाही. आणि सिरोसिसनं मरणाऱ्यांची संख्या झपाट्यानं खाली आली. युद्ध संपलं, वाइन परतली, आकडेही परतले.

लीबरच्या माकडांवर मात्र सगळ्यांचा विश्वास बसला नाही. दुसऱ्या काही प्रयोगशाळांनी माकडांना दारू पाजून पाहिली तर सिरोसिस होईना. टीकाकार म्हणाले, तुमच्या आहारात माकडाच्या गरजेपुरतं कोलीन नसेल. म्हणजे पुन्हा बेस्टचाच मुद्दा दारात. लीबरनं जास्तीचं कोलीन घालून पाहिलं. यकृतातले व्रणतंतू थांबले नाहीत, उलट कोलीनच बाधलं. मग त्यानं सोयाबीनपासून मिळणारं लेसिथिन दिलं आणि बबूनची यकृतं बचावली. केवढी आशा! ज्यानं आयुष्यभर अन्न दारूवर उतारा नाही असं दाखवलं, त्यालाच अन्नातला उतारा सापडला होता. अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांत ७८९ रुग्णांवर दोन वर्षं चाचणी झाली. २००३ साली निकाल आला. लेसिथिन घेणाऱ्यांत आणि न घेणाऱ्यांत यकृताच्या व्रणांचा फरक नव्हता. पण त्या चाचणीत एक गोष्ट कुणी मागितली नव्हती ती मिळाली. डॉक्टर आणि परिचारिका दर भेटीत या लोकांशी दारूबद्दल थोडं बोलत असत. दिवसाला सरासरी सोळा पेग घेणारे ते लोक अडीचवर आले. गोळी हरली आणि गप्पा जिंकल्या. लीबर २००९ साली वारला.

ढाब्यावरच्या शास्त्रात तथ्य काहीच नाही का? आहे, तेही सांगायला हवं. पोटात अन्न असलं की जठर उशिरा रिकामं होतं, अल्कोहोल हळूहळू रक्तात येतं आणि त्याचा उंच कळस बुटका होतो. जठराच्या अस्तरातही थोडं विकर असतं, ते जाता जाता काही अल्कोहोल मोडतं. १९९० साली लीबरच्याच गटानं दाखवलं की बायकांच्या जठरात हे विकर कमी असतं, म्हणून तितक्याच पेगनं त्यांच्या रक्तात अल्कोहोल जास्त चढतं. पण खाल्ल्यामुळं चढत नाही म्हणून माणूस दुसरी क्वार्टर मागवतो, तिथं सगळा फायदा बुडतो. आणि एवढं पिऊनही बरेच जण सिरोसिसविना म्हातारे होतात, हेही खरं. भरपूर पिणाऱ्यांत जवळपास सगळ्यांच्या यकृतात चरबी येते, सिरोसिस मात्र दहा-वीस टक्क्यांना होतो. पीएनपीएलए३ नावाच्या जनुकाचं एक रूप, लठ्ठपणा, मधुमेह, जुना विषाणू अशा गोष्टी ठरवतात की चिठ्ठी कुणाच्या नावाची निघेल. प्रत्येक गावात एक आजोबा असतात, "मी साठ वर्षं पितोय" म्हणणारे. त्यांच्याबरोबर बसणारे कुठं गेले, ते कुणी मोजत नाही.

आमच्या जिल्ह्यात खाऊन पिण्याची सर्वात भयानक पंगत २०१७ च्या फेब्रुवारीत झाली. जिल्हा परिषदेच्या निवडणुकीचे दिवस होते. नगर तालुक्यातल्या पांगरमल गावी जेवणावळीत दारू वाटली गेली, ती विषारी निघाली आणि अनेकांचे जीव गेले. अशा दारूत मारक असतं ते बहुधा मिथेनॉल. चवीला, वासाला ते साध्या अल्कोहोलचा जुळा भाऊ. ते पोटात गेल्या गेल्या विष नसतं; यकृत त्याचं विष करतं. साध्या अल्कोहोलवर चालणारं तेच पहिलं विकर मिथेनॉलचं फॉर्मल्डिहाइड करतं, आणि त्याचं पुढे फॉर्मिक आम्ल होतं. मुंग्या चावल्यावर झोंबतं ते हेच. ते डोळ्यांच्या नसा जाळतं, रक्त आंबट करतं. म्हणून माणूस रात्री ठीक दिसतो आणि दुसऱ्या दिवशी "मला दिसत नाही" म्हणतो. उतारा चक्रावणारा आहे. फोमेपिझोल हे महागडं औषध नसेल तर डॉक्टर रुग्णाला साधं इथेनॉल देतात. विकराला इथेनॉल जास्त प्रिय. ते त्यात गुंतलं की मिथेनॉल तसंच राहतं आणि डायलिसिसनं किंवा श्वास-लघवीतून निघून जातं. हे रुग्णालयात, मोजून करायचं काम आहे, घरी आणखी पाजण्याचं नाही.

पुन्हा साध्या अल्कोहोलकडे येऊ. ते स्वतःच विष असेल तर धोरण वेगळं लागतं, आणि कुपोषण विष असेल तर वेगळं. दुसऱ्या मताच्या लोकांनी एके काळी दारूतच जीवनसत्त्व मिसळा असंही सुचवलं होतं. पहिल्या मताला लीबरचं नाव ठाऊक नसलेल्या गावांनी आपल्या परीनं आधीच हात घातला होता. पारनेर तालुक्यातलं राळेगणसिद्धी हे दुष्काळी गाव. सत्तरच्या दशकाच्या मध्यावर अण्णा हजारे लष्करातून परतले तेव्हा तिथं ३५-४० दारूभट्ट्या होत्या असं सांगतात. काळा गूळ, नवसागर, पत्र्याचा डबा. शेत पिकत नाही तर भट्टी तरी पिकते. पाणलोटाच्या कामाआधी आणि कामाबरोबर त्या भट्ट्या गावानं बंद केल्या. ऐकत नाही त्याला देवळासमोरच्या खांबाला बांधून मारण्याची पद्धतही तिथं होती. ती मला तेव्हा पटली नाही, आजही पटत नाही. अमेरिकेतल्या त्या परिचारिकांनी न मारता सोळाचे अडीच केले होते. पण भट्टी गेल्यावर त्याच गावात बांधबंदिस्ती झाली, विहिरींना पाणी आलं, गोठ्यात जनावरं वाढली, हेही खरं. भाकरीबरोबर दूध आलं ते दारू गेल्यानंतर. क्रम महत्त्वाचा. बेस्टच्या सिद्धांतानुसार आधी दूध यायला हवं होतं.

उरला तो आधीच पिवळा पडलेला माणूस. त्याच्या ताटाचं काय करायचं यावर आपल्याकडे अजून फार गोंधळ आहे. कावीळ म्हटलं की माळ घालतात, नाकात औषध सोडतात, तेलतूप तोडतात, हळदसुद्धा बंद करतात, आणि रसवंतीवरून उसाचा रस आणतात. म्हणजे ऊस फिरून पुन्हा हजर! रस ताजा आणि स्वच्छ असेल तर त्यात विष काही नाही, पण प्रथिनंही नाहीत. एके काळी डॉक्टरही सिरोसिसच्या रुग्णाची डाळ, अंडी, दूध बंद करत, डोक्यात अमोनिया चढेल या भीतीनं. ती भीती बऱ्याच अंशी चुकीची होती. आजचा सल्ला उलटा आहे. दारू पूर्ण बंद, मीठ बेतानं, आणि प्रथिनं वजनाच्या किलोमागे सव्वा ते दीड ग्रॅम. साठ किलोच्या माणसाला म्हणजे रोज पंचाहत्तर ते नव्वद ग्रॅम. एका पातळ वरणाच्या वाटीत ती कशी मावणार? तर सकाळी अंडी, दुपारी मटकीची उसळ आणि दही, मधे शेंगदाण्याचा लाडू. नुसत्या चरबीच्या टप्प्यावर पिणं थांबलं तर चार-सहा आठवड्यांत यकृत बऱ्यापैकी निवळतं. सिरोसिसमध्ये ते पूर्ववत होत नाही, पण उरलेलं टिकतं.

एक सूचना घरच्यांना नेहमी विचित्र वाटते. निरोगी यकृत रात्रीपुरती साखर साठवून ठेवतं. सिरोसिसच्या यकृतात ती कोठी लहान झालेली असते. संध्याकाळी सातला जेवून झोपलेल्या रुग्णाचं शरीर पहाटेपर्यंत स्वतःचे स्नायू खायला लागतं. म्हणून त्याला झोपण्याआधी, रात्री दहाच्या सुमाराला, पुन्हा काहीतरी खायला घालायचं. ज्या वेळी तो पूर्वी ढाब्यावर दुसरी क्वार्टर मागवत असे, त्या वेळी बायकोनं पुढं ठेवायची ती वाटीभर दूध-भाकरी.